पेरूचं वकीलपत्र

काही फळं जन्मतःच खानदानी असतात. आंबा घ्या. तो राजा. वर्षातून दोन महिने दरबार भरवतो आणि उरलेले दहा महिने आपण त्याच्या आठवणीवर आणि बरणीतल्या लोणच्यावर काढतो. द्राक्षांना नाशिकचं घराणं आहे. डाळिंबाला परदेशी जायचा पासपोर्ट मिळालेला आहे. सफरचंदाचं तर विचारूच नका; ते थेट डॉक्टरांच्या ओळखीचं. आणि काही फळं बिचारी परसदारी मोरीच्या पाण्यावर वाढतात, पोरांचे दगड खातात, पोपटांच्या चोची सोसतात, आणि एवढं सगळं करून 'खोकला करतो' असा आळ डोक्यावर घेऊन शाळेच्या फाटकाबाहेर टोपलीत बसतात. या दुसऱ्या वर्गाचा पुढारी म्हणजे पेरू.

मी या पेरूचं वकीलपत्र घेतलेलं आहे. अशिलाने मला नेमलेलं नाही, फीचंही काही ठरलेलं नाही. पण प्रकरण आता गळ्याशी आलेलं आहे आणि कुणीतरी उभं राहायलाच हवं. फलटणला आमच्या आळीत एके काळी अकरा घरं होती आणि नऊ पेरू होते. आज त्याच आळीत, वर चढलेले मजले धरून, तीसेक बिऱ्हाडं आहेत आणि पेरू एक. तो आमचा. त्याच्याकडेही लोक आता 'हे अजून इथे कसं?' अशा नजरेने बघतात. निवृत्त झाल्यानंतर सकाळी दहा वाजता ओट्यावर बसलेल्या माणसाकडे बघतात, तसं.

पेरू तोडणारे लोक दुष्ट असतात असं मुळीच नाही. आमच्या शेजारचे अण्णा घ्या. मुंगी चिरडू नये म्हणून वाट वाकडी करणारा माणूस. त्यांनी नवा बंगला बांधला आणि बंगल्याच्या पुढे, मागे, बाजूला जिथे म्हणून माती दिसली तिथे तिथे सिमेंटचे ठोकळे बसवले. या ठोकळ्यांना पेव्हर ब्लॉक म्हणतात आणि ते बसवल्यावर माणसाची प्रतिष्ठा वाढते. पेरू मध्ये येत होता. तो गेला.

"अण्णा, पेरू का हो तोडला?" मी विचारलं.

"कचरा फार करायचा."

"कसला?"

"पानांचा. रोज आपलं झाडा, झाडा. आता कसं स्वच्छ!"

आता अण्णा रोज सकाळी नळी घेऊन ठोकळे धुतात. फलटण हा पर्जन्यछायेतला भाग. आभाळ येतं, आम्हाला बघतं आणि पुढे जातं. इथे बादलीभर पाण्यावर जे झाड वर्षभर टोपल्या भरून फळं देत होतं ते अण्णांनी काढलं, आणि आता तेच पाणी ते सिमेंटला घालतात. सिमेंटला अजून एकही फळ लागलेलं नाही. मी लक्ष ठेवून आहे.

तर पेरूवरचे आरोप एकेक करून घेऊ.

आरोप पहिला, पानांचा कचरा. पेरू हे सदाहरित झाड आहे. म्हणजे पिंपळासारखा उघडाबोडका होऊन तो कधी उभा राहत नाही. जुनी पानं वर्षभर थोडी थोडी टाकतो आणि नवी घालतो. एकदम सगळी नवी कपाटं न घेता फाटेल तसा एकेक सदरा बदलणाऱ्या मध्यमवर्गीय माणसासारखी त्याची रीत. त्याने दिवसाला वीस पानं टाकली तर तो कचरा, आणि अण्णांच्या दारात दिवसाला वीस प्लॅस्टिकच्या पिशव्या येतात ती खरेदी. पानं झाडाच्याच बुंध्याशी लोटली तर त्यांचं खत होतं. पिशव्यांचं काय होतं ते आमच्या ओढ्याला विचारा.

आरोप दुसरा, पोरं येतात. येतात, हे कबूल. पण पोरं आता येतात कुठे? पूर्वी दुपारी भिंतीवर चार डोकी दिसायची आणि मागून आमच्या आईचा आवाज यायचा, "उतरा रे मेल्यांनो, फांदी मोडेल!" फांदी कधी मोडली नाही. पेरूचं लाकूड चिवट. गुळगुळीत खोड, खालपासून फुटलेल्या फांद्या, उंची बेताची. निसर्गाने पोरांना चढायला शिकवण्यासाठीच हे झाड केलं असावं. गलोलीची बेचकीही याच लाकडाची चांगली. ज्या पिढीने पेरूवर चढून पहिला धडा घेतला ती आता नातवाला उन्हाळी शिबिरात पाठवते आणि तिथे पैसे भरून त्याला नायलॉनच्या दोरीवर चढवतात. कमरेला पट्टा बांधून.

आरोप तिसरा, बिया. पेरूची बी दातात अडकते हे सत्य आहे आणि ते मी नाकारत नाही. माझ्या डाव्या बाजूच्या दाढेत एक जागा केवळ तिच्यासाठी राखीव आहे. पण 'बी गिळली की अपेंडिक्स होतं' हे जे घरोघरी सांगतात, त्यावर मला बोलायचं आहे. पेरूची बी पोटात गेल्यावर काहीही न करता जशीच्या तशी बाहेर पडते. ती टणक असते ती याचसाठी. पेरूच्या दृष्टीने आपण गिऱ्हाईक नसून हमाल आहोत. गोड गर ही आपली हमाली, आणि बी दूर नेऊन टाकणं हे आपलं काम. पोपट, वटवाघळं आणि खारी हे काम बिनबोभाट करतात. फक्त माणूस हमाली खाऊन वर तक्रार करतो.

आरोप चौथा, खोकला. हा आरोप फार जुना आणि सर्व आज्यांच्या सहीने केलेला आहे. त्यामुळे त्याला हात लावताना मला भीती वाटते. पण आकडे बघा. शंभर ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या वर असतं. ज्याच्या आंबटपणावर आपण एवढे भाळतो त्या संत्र्यात ते ५० च्या आसपास. आणि सफरचंदात? पाचसुद्धा नाही. आता मला सांगा, ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला जाताना आपण काय नेतो? अर्धा डझन सफरचंदं. पेरू घेऊन गेलं तर रोग्याचे नातेवाईक 'परवडलं नसेल बिचाऱ्यांना' अशा नजरेने पिशवीकडे बघतात.

रोज एक सफरचंद खाल्लं की डॉक्टर दूर राहतो, ही म्हण कुणाची? ब्रिटनमधल्या वेल्स प्रांताची. १८६६ सालच्या छापील नोंदीत ती सापडते. तिथे झोपताना सफरचंद खा म्हणजे डॉक्टरची भाकरी बुडेल, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलेलं आहे. वेल्सच्या लोकांना मी दोष देत नाही. त्यांच्या परसात सफरचंद येत होतं, त्यांनी सफरचंदाची म्हण केली. थंडीमुळे त्यांच्याकडे पेरू येत नाही. आला असता तर त्यांनी पेरूची केली असती. शहाणा माणूस आपल्या परसातल्या झाडाची म्हण करतो. आपण त्यांच्या परसातल्या झाडाची म्हण पाठ केली आणि आपल्या परसातलं झाड तोडलं.

आरोप पाचवा आणि सगळ्यात खरा, तो कुणी तोंडाने बोलत नाही: पेरू स्वस्त आहे. 'गरिबाचं सफरचंद' असं त्याला कौतुकाने म्हणतात. कौतुकाने! एखाद्या बुद्धिमान बाईला 'अगदी पुरुषासारखी हुशार' म्हणावं तसलं हे कौतुक. क जीवनसत्त्व चाळीसपट ज्याच्यात आहे त्याला, पाचही नसलेल्याचा गरीब भाऊ म्हणायचं. खरं म्हणजे सफरचंदालाच 'श्रीमंताचा बिनवासाचा पेरू' म्हणायला हवं.

आता खानदानाचं बघू. कारण आपल्याकडे मुलगा कितीही गुणी असला तरी शेवटी घराण्याची चौकशी होतेच.

वनस्पतिशास्त्रात पेरूचं घराणं मिर्टेसी. मराठीत त्याला जंबुल कुल म्हणतात. म्हणजे जांभूळ हा पेरूचा सख्खा नात्यातला. लवंग याच घराण्यातली. निलगिरीही यातलीच. पेरूचं पान चुरगाळून वास घ्या, किंवा उन्हाकडे धरून भिंगातून बघा. बारीक बारीक टिपके दिसतील. त्या सुगंधी तेलाच्या ग्रंथी. ती या घराण्याची खूण.

आणि ज्या झुडपावरून घराण्याला हे मिर्टेसी नाव पडलं ते मर्टल. युरोपातलं सदाहरित झुडूप, पांढरी सुवासिक फुलं, काळसर फळं. आपल्याकडे त्याला विलायती मेंदी म्हणतात. ग्रीक लोकांनी ते प्रेमाच्या देवतेला वाहिलं. सार्डिनिया बेटावर त्याच्या फळांची दारू करतात. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने त्याचं झुडूप आपल्या ऑस्बर्नच्या वाड्यात लावलं. १८५८ साली तिच्या थोरल्या लेकीच्या लग्नात नवरीच्या हातात मर्टलची डहाळी होती, आणि तेव्हापासून त्या घराण्यातल्या नवऱ्या ती डहाळी हातात घेऊन लग्नाला उभ्या राहतात. २०११ सालच्या लग्नात केट मिडलटनच्या गुच्छातही ती होती. सगळ्या जगाने टीव्हीवर बघितली.

म्हणजे बघा. एक चुलत बहीण राणीच्या वाड्यात, आणि हा चुलत भाऊ आमच्या मोरीच्या पाण्यावर. ती नुसती हातात धरायची, याला फळ येतं. पण मान तिला. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबातही हेच चालतं. जो परदेशी असतो त्याचं कौतुक आणि जो गावी राहून सगळ्यांना जेवू घालतो त्याला 'अरे, जरा पाणी आण.'

यावर कुणी म्हणेल, पण पेरू तरी आपला कुठे आहे? तो परदेशीच. बरोबर. पेरू मूळचा उष्ण अमेरिकेतला. पोर्तुगिजांनी तो इकडे आणला. त्याच्या नावाचीही मोठी करुण कथा आहे. पोर्तुगीज भाषेत 'पेरा' म्हणजे नासपती. त्यांनी या फळाला नासपतीचं नाव दिलं, आपण त्याचा पेरू केला. गोव्यात पेरूच्या गराची वडी करतात तिला अजून 'पेराद' म्हणतात. हिंदीत त्याला अमरूद म्हणतात. तर अमरूद या फारसी शब्दाचा अर्थही नासपतीच! विदर्भात जा, तिथे त्याला जांब म्हणतात. म्हणजे दक्षिणेत आला तर नासपतीचं नाव, उत्तरेत गेला तर नासपतीचं नाव, नागपूरला गेला तर जांभळाच्या नात्यातलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या रेशनकार्डावर राहिलेला माणूस आहे हा. आणि याची निघालेली जी सगळ्यात नामवंत जात, सरदार, तिचंही तसंच. तिचं जुनं नाव 'लखनौ ४९'. ती निवडली गेली कुठे? १९२७ साली, पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळसंशोधन केंद्रात, डॉ. चीमा यांच्या हाताखाली. जन्म पुण्याचा, नाव लखनौचं. पुणेकरांनी एवढ्या मोठ्या गोष्टीचं श्रेय सोडून दिल्याचं हे एकमेव उदाहरण असावं. भरपाई म्हणून त्यांनी सदाशिव पेठेत पेरूगेट ठेवलं. तिथे बागा होत्या म्हणे. आता गेटही नाही आणि पेरूही नाही, पण पत्ता अजून तोच सांगतात. सफरचंदगेट मी कुठे ऐकलेलं नाही.

परदेशी म्हणून हाकलायचं तर मग बटाटा, टोमॅटो, काजू आणि मिरचीही हाकला. मिरचीसुद्धा त्याच मुलखातून त्याच गलबतांवरून आली. शाळेच्या फाटकाबाहेर मावशी पेरूला चार चिरा देऊन आत तिखटमीठ भरते, तेव्हा पेरू आणि तिखट हे दोघं एका गावचे असतात. फक्त मीठ आपलं. चार शतकं होऊन गेली आता. चार शतकं आपल्या विहिरीचं पाणी प्यालेल्याला परका म्हणायचं नसतं.

आणि फलटणकराने तर मुळीच म्हणू नये. अमेरिकेतून आलेल्याला आपलं म्हणण्याची या गावाला जुनी सवय आहे. इथल्या कमला निंबकर बालभवनाला ज्यांचं नाव आहे त्या कमलाबाई जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. या देशात ऑक्युपेशनल थेरपी त्यांनी रुजवली. आणि ती शाळा चालवणारी प्रगत शिक्षण संस्था १९८४ साली काढली मॅक्सीन बर्नसन यांनी. त्याही अमेरिकेतून मराठीच्या अभ्यासासाठी आल्या, इथल्या झाल्या, इथलं नागरिकत्व घेतलं आणि आमच्या मुलांना मराठी कसं वाचायचं ते शिकवलं. जे गाव अमेरिकेतून आलेल्या बाईंकडून मराठी शिकलं त्या गावाने अमेरिकेतून आलेल्या पेरूला उपरा म्हणू नये. शोभत नाही.

बरं, देवाने कधीच मान्यता दिलेली आहे. गणपतीपुढे जी पाच फळं मांडतात त्यात पेरू असतो. एकवीस पत्रींत मात्र त्याचं पान नाही, डाळिंबाचं आहे. यादी झाली तेव्हा हा आलेला नव्हता, एवढाच त्याचा दोष. देव काही तक्रार करत नाही. फळ वाढदिवसाला न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखं आत घेतलं आणि पाटावर बसवलं.

आता हे झाड मागतं काय ते बघा. फलटणच्या भोवती ऊस आहे. नीरा उजव्या कालव्याची ती पुण्याई. ऊस म्हणजे घरजावई. त्याला वेळच्या वेळी पाणी लागतं, खत लागतं, आणि तोड लांबली तर सगळं घर जागं. पेरू मुरमाड जमिनीत येतो, काळ्यात येतो, थोड्या खारवट पाण्यालाही नाक मुरडत नाही. वर्षातून तीनदा फुलायची त्याची तयारी असते. उन्हाळ्याच्या तोंडाला फुलला तर आंबे बहार, पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलला तर मृग बहार, ऑक्टोबरच्या सुमाराला तर हस्त बहार. जाणते शेतकरी त्याचं पाणी काही दिवस तोडतात, त्याला ताण देतात, आणि हवा तोच बहार धरतात. आंबे बहाराची फळं पावसाळ्यात येतात. ती पाणचट असतात आणि फळमाशी त्यात अंडी घालते. आषाढीच्या आधी माऊलींची पालखी फलटण मुक्कामी असते त्या सुमाराचा पेरू मी कुणाला आग्रहाने खाऊ घालत नाही. पण मृग बहाराची फळं थंडीत तयार होतात. मार्गशीर्षात रामाचा रथ निघतो, हवेत गारठा असतो, आणि तेव्हाचा पेरू! वकिलाने कोर्टात भावनावश होऊ नये, म्हणून पुढे बोलत नाही.

आणखी एक. पेरूला फळ नव्या फुटीवर येतं. म्हणून त्याला बेताने छाटला की तो जास्त फळतो. हा गुण मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही. आमच्या ऑफिसात ज्याची ज्याची छाटणी झाली तो पुन्हा कधी फुटला नाही. पण छाटणी म्हणजे फांदीची. बुडाशी कुऱ्हाड घालून वर 'छाटला' म्हणणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी हे स्पष्ट केलं. शहरातलं झाड तोडायला परवानगी लागते असा १९७५ सालापासून महाराष्ट्रात कायदा आहे. वड तोडायचा म्हटलं तर लोक तो कायदा आठवतात. पेरू तोडायचा तर म्हणतात, "हॅः, पेरूच तर आहे!" जणू तो झाड नसून झाडाचा उमेदवार आहे.

घरात त्याचे उपयोग सांगायला बसलो तर आमची ही पुढे येऊन बोलायला लागेल, म्हणून थोडक्यात. करकरीत पेरूच्या बिया काढून त्याची गूळ, तिखट आणि गोडा मसाला घालून भाजी. पिकायला आलेल्याची दह्यातली कोशिंबीर, वरून हिंग-मिरचीची फोडणी. फार झाले तर जेली. पेरूत पेक्टिन भरपूर, त्यामुळे ती धरते आणि माणसाची अब्रू जात नाही. तोंड आलं तर कोवळी पानं चावून थुंकायची, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे.

"आणि उरलेले वाटायचे," ही म्हणाली.

ही जाता जाता म्हणाली, पण मुद्द्याचं हेच. वाटण्याचं.

आता अण्णा म्हणतात, "अहो, पेरू खायला झाड कशाला लागतं? बाजारात मिळतो की!" मिळतो. नारळाएवढा मिळतो. पांढऱ्या फोमच्या जाळीत, वर प्लॅस्टिकची पिशवी, गुलाबी फोड दाखवणारं चित्र लावलेला. एकेक फळ पाऊण किलोचं. शेतकऱ्याला मी नावं ठेवत नाही. फळमाशीपासून वाचवायला फळ झाडावरच पिशवीत बांधावं लागतं, लांबच्या बाजारात डाग न लागता पोचवावं लागतं, आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने कोणता पेरू लावावा हे ओट्यावर बसलेल्या माणसाने सांगू नये. त्याने त्याचं काम चोख केलेलं आहे. माझं भांडण त्याच्याशी नाही, अण्णांशी आहे.

कारण झाडावर पिकलेला पेरू बाजारात येऊच शकत नाही. तो पिकला की दोन दिवसांत मऊ पडतो. तिसऱ्या दिवशी त्याला हात लावायची सोय नाही. ट्रकने पुण्या-मुंबईला जायचा तर तो हिरवा, कडक असतानाच उतरवायला हवा. तो नंतर पिकतो, नाही असं नाही. पण फांदीवर शेवटचे चार दिवस जे होतं, घरभर वास सुटतो, पोपटाला कळतं, मग पोरांना कळतं, मग शेजाऱ्यांना कळतं, ते टोपलीत होत नाही. म्हणजे जगातले कितीही पैसे टाकले तरी तो पेरू विकत मिळत नाही. तो फक्त ज्याच्या परसात झाड आहे त्याला, आणि त्याचे ज्याच्याशी बरे संबंध आहेत त्याला मिळतो. अशा वस्तू आता जगात फार राहिलेल्या नाहीत. त्यातली एक आपण कचरा होतो म्हणून तोडली.

आणि तो टिकत नाही म्हणूनच वाटावा लागतो. सफरचंद फ्रीजमध्ये महिनाभर राहतं, म्हणून माणूस ते स्वतःसाठी ठेवतो. पिकलेले चाळीस पेरू एका घराला संपत नाहीत. मग आई सुपात घालून आम्हाला पिटाळायची. "हे काकूंकडे दे, हे वरच्या मास्तरांकडे, आणि तिकडे भांडण झालंय ना, तिकडे आधी दे." ज्यांच्याशी बोलणं बंद असे त्यांच्याकडे सूप जायचं, आणि रिकामं सूप परत द्यायचं नाही या रिवाजामुळे त्यात मूठभर शेंगा येत. बोलणं सुरू करायला एवढं पुरायचं. फोमच्या जाळीतला साठ-सत्तर रुपयांचा पेरू कुणी सुपात घालून भांडण झालेल्या घरी पाठवत नाही. तो चार फोडी करून, मोजून, टीव्हीसमोर खातात. आळीत तीस बिऱ्हाडं झाली आणि एकमेकांची नावं माहीत नाहीत, याला बरीच मोठी कारणं असतील. विद्वान लोक ती सांगतील. मी ओट्यावरून एवढंच सांगतो की नऊ पेरू होते तेव्हा माहीत होती.

गेल्या थंडीत समोरच्या इमारतीतला एक मुलगा आमच्या फाटकाशी उभा राहिला. सातेक वर्षांचा असेल. झाडाकडे बघून म्हणाला, "आजोबा, हे पेरू इथे कुणी लावलेत?"

"लावलेत म्हणजे? आलेत. झाडाला येतात."

त्याला ते पटलेलं दिसलं नाही. त्याने तोपर्यंत पेरू फक्त जाळीत बघितला होता. फांदीला तो कुणीतरी बांधला असणार, अशी त्याची समजूत. मी त्याला म्हटलं, चढ. तो म्हणाला, पट्टा कुठे आहे? मुलाचा काही दोष नाही. आपण त्याला चढायला काही ठेवलंच नाही.

तेव्हा कोर्टापुढे माझी मागणी फार मोठी नाही. बागा लावा असं मी म्हणत नाही. सफरचंद खाऊ नका असंही नाही. वेल्सच्या लोकांचाही संसार चालला पाहिजे. मागणी एवढीच की ज्याच्याकडे चार हात माती उरली असेल त्याने ती झाकू नये. जून-जुलैत पाऊस सुरू झाला की रोपवाटिकेतून सरदारचं गुटी कलम आणावं. दोन फूट खोल, दोन फूट रुंद खड्डा, त्यात शेणखत आणि चांगली माती. भिंतीपासून जरा दूर, आणि मोरीचं पाणी वळवता आलं तर उत्तम. पहिलं वर्ष तेवढं सांभाळावं लागतं. तिसऱ्या वर्षी फळ धरतं. पहिली फळं पोपट नेतील, ती नेऊ द्यावीत. ते त्यांच्या हमालीचे आगाऊ पैसे. चौथ्या वर्षी भिंतीवर एखादं डोकं दिसेल. दिसलं तर ओरडायला हरकत नाही, पण फार मोठ्याने नको.

आणि माती उरलीच नसेल, सगळीकडे ठोकळेच असतील, तर अडगळीत पहार कुठे पडली आहे ती शोधा. ठोकळा उचकटायला तीच लागते, आणि खड्डा खणायलाही तीच. अण्णांकडे नाही, मी विचारून आलोय. माझी पहार आठवडाभर ओट्यावर काढून ठेवलेली आहे. केव्हाही या.